इंदूर: राहत्या घरातून डबे आणि फराळाचा व्यवसाय. नोंदणी, लँडयूज, गॅस, लेबल यांचं नेमकं काय?

अन्नपूर्णा_रोड (प्रश्न)

नमस्कार. घरातूनच खाद्यपदार्थांचं काम सुरू करायचं आहे. तपशील देते, म्हणजे उत्तरं नेमकी मिळतील.

घर विकास प्राधिकरणाच्या योजनेतलं आहे, प्लॉट लीजवर, लीज सासऱ्यांच्या नावावर. तळमजल्यावर मागच्या बाजूला १० बाय १२ फुटांची वेगळी खोली आहे, तिथे ओटा आणि सिंक बसवता येईल. रोज दुपारचे ३० डबे, सणाला पुरणपोळी, दिवाळीत चकली-चिवडा-अनारसे पाकीटबंद, उन्हाळ्यात कैरीचं लोणचं आणि मागणी असली तर श्रीखंड. वर्षाची उलाढाल ५-६ लाखांच्या पुढे जाणार नाही. मदतीला दोन बायका येतील. दारात दुकान नाही, गिऱ्हाईक येणार नाही, सगळं पोहोचवूनच.

कुणी सांगतं एफएसएसएआयची (केंद्राचं अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण) नोंदणी केली की काम झालं. कुणी सांगतं निवासी भागात असा धंदा चालतच नाही. गॅस एजन्सीवाले वेगळंच सांगतात. खर्च करण्याआधी क्रमाने काय करायचं ते कुणी सांगेल का? पुढे जाऊबाईंच्या भाड्याच्या फ्लॅटमधूनही फराळाचं काम करायचा विचार आहे, तिथे काय फरक पडतो तेही सांगा.

फॉर्म_ए

ताई, आधी खाद्यपदार्थांची बाजू सांगतो. घरातल्या स्वयंपाकघरासाठी वेगळा सवलतीचा कायदा आपल्याकडे नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ मध्ये 'खाद्य व्यवसाय' म्हणजे नफ्यासाठी असो वा नसो, खाद्यपदार्थ बनवणं, साठवणं, पोहोचवणं, विकणं, सगळं आलं. त्यामुळे ३० डबे असोत की ३, पैसे घेऊन दिले की नोंदणी लागते. सवलत आहे ती आकाराची. २०११ च्या परवाना व नोंदणी नियमावलीत वार्षिक १२ लाखांपर्यंतच्या छोट्या व्यावसायिकाला परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. फी वर्षाला १०० रुपये, १ ते ५ वर्षांची एकदम भरता येते. मर्यादा आणि फी यांत बदल होत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी फॉसकॉस (एफएसएसएआयचं अर्जाचं) पोर्टलवर जे दिसेल तेच धरा.

उलाढालीखेरीज क्षमतेचीही अट आहे, ती लोक विसरतात. दूध आणि मांस सोडून इतर पदार्थ दिवसाला १०० किलो किंवा लिटरच्या आत. दुधाचं काम असेल तर दिवसाला ५०० लिटरच्या आत. तुमची दिवाळीतली सर्वांत गर्दीची तारीख धरली तरी १०० किलोच्या आत राहाल. श्रीखंड नोंदणीत बसतं, पण अर्जात दुग्धजन्य पदार्थ वेगळे निवडावे लागतात. ते न निवडता श्रीखंड विकलं तर ते नोंदणीच्या बाहेरचं ठरतं, हातात प्रमाणपत्र असूनही.

अर्जात सर्वांत जास्त चूक 'व्यवसायाचा प्रकार' निवडताना होते. डब्यांसाठी घरगुती कँटीन/डबेवाले असा प्रकार आहे. पाकीटबंद फराळ आणि लोणचं मात्र उत्पादनात येतं. दोन्ही निवडा. नुसतं डबेवाले निवडून चकलीच्या पाकिटावर तोच नंबर छापला की तपासणीत पहिलं बोट तिथेच ठेवतात.

लागतं काय: फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा. जागा सासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणून त्यांचं साध्या कागदावर संमतिपत्र आणि त्याच पत्त्याचं वीजबिल जोडा. पत्ता वीजबिलावर आहे तसाच अर्जात टाका, घर नंबर आणि योजना क्रमांकासकट. अर्जात एक पत्ता आणि बिलावर दुसरा असला की अर्ज परत येतो, आणि पुन्हा भरण्यात दिवस जातात. अर्ज गेल्यावर ७ दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीची सूचना द्यायची असं नियम सांगतो. तपासणी ठरली तर ३० दिवसांची मुदत. मिळणारा नंबर १४ आकडी असतो. नोंदणीचा पहिला आकडा २, परवान्याचा १. कुणी १ ने सुरू होणारा नंबर 'नोंदणी' म्हणून विकत असेल तर तिथेच थांबा.

एका पत्त्याला एक नोंदणी. जाऊबाईंच्या फ्लॅटमध्ये फराळ बनणार असेल तर तो वेगळा पत्ता, वेगळी नोंदणी, आणि तिथे भाडेकरार व घरमालकाचं ना हरकत पत्र हवं. इथल्या नंबरवर तिथला माल पॅक करणं चालत नाही.

राजवाडा_चौक

इतकं घाबरवू नका हो. इंदूरमध्ये घराघरांतून डबे जातात. व्हॉट्सअॅपवर ओळखीच्यांना द्यायचं तर कोण विचारतं? उद्यम नोंदणी फुकट होते, गुमास्ता काढला की बँकेत खातं उघडतं. तेवढ्यावर सुरू करा.

फॉर्म_ए

उद्यम आणि गुमास्ता यांचा खाद्यसुरक्षेशी संबंध नाही. उद्यम हा लघुउद्योगाचा दाखला, गुमास्ता म्हणजे मध्य प्रदेश दुकाने व आस्थापना अधिनियम १९५८ खालची नोंदणी. दोन्ही उपयोगाची आहेत, पण एफएसएसएआयची जागा घेत नाहीत. नोंदणीशिवाय व्यवसाय करणं हा २००६ च्या कायद्याचा भंग आहे, तिथे ओळखीचे-अनोळखीचे असा भेद नाही. आणि प्रश्न पकडले जाण्याचा नाही. डब्यातून कुणाला बाधा झाली तर पहिला कागद हाच मागतात, आणि तो नसला की बाकी तुमची बाजू कितीही खरी असली तरी कुणी ऐकून घेत नाही.

नकाशा_आणि_खसरा

आता जागेबद्दल, कारण गोंधळ इथेच जास्त आहे. एफएसएसएआयची नोंदणी ही अन्नाबद्दल आहे. घर त्या कामाला वापरता येतं की नाही, याचं उत्तर ती देत नाही आणि देऊ शकतही नाही.

इंदूरचं नियोजन मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम १९७३ खाली होतं. सध्याच्या सगळ्या चर्चेचा आधार 'इंदूर विकास योजना २०२१' हा २००८ पासून लागू झालेला दस्तऐवज आहे. कलम २५ सांगतं की योजना लागू झाल्यावर जमिनीचा वापर योजनेप्रमाणेच हवा. योजनेत प्रत्येक वापर-क्षेत्राला कुठले उपयोग चालतील याचा तक्ता आहे. तो तक्ता आणि तुमच्या प्लॉटसमोरच्या रस्त्याची रुंदी, या दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. नुसतं 'निवासी' म्हणून थांबू नका. बांधकामाच्या अटी मध्य प्रदेश भूमी विकास नियम २०१२ मध्ये आहेत. मागच्या खोलीत फक्त ओटा-सिंक करत असाल तर प्रश्न नाही, पण मागची मोकळी जागा पत्र्याने झाकून तिथे भट्टी लावणार असाल तर ती एमओएस मध्ये (प्लॉटच्या कडेने सोडायची सक्तीची मोकळी जागा) येते. एमओएस मधलं स्वयंपाकघर ही तक्रार झाली की सर्वांत आधी पाडली जाणारी गोष्ट आहे. घराच्या मंजूर नकाशाची प्रत काढा आणि ती खोली नकाशात आहे का ते पाहा.

तीन शब्द लोक एकच समजतात, ते वेगळे ठेवा. लँडयूज हा विकास योजनेतला वापर. डायव्हर्शन हे महसुलाचं काम, भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम ५९ खाली, शेतजमिनीचा बिगरशेती आकार ठरवण्यासाठी. प्राधिकरणाच्या प्लॉटवर त्याचा तुम्हाला काही संबंध नाही. तिसरा योजनेतच बदल, कलम २३-क. तो शासनाच्या पातळीवर होतो, जाहीर सूचना, हरकती असा लांबचा रस्ता आहे. घरातल्या एका खोलीसाठी कुणी 'लँडयूज बदलून देतो' म्हणून पैसे मागत असेल तर तो तुमच्या कामाचं काही करत नाहीये.

तुमच्याबाबतीत खरा कागद लीज डीड आहे. प्राधिकरणाच्या योजनांतल्या लीजमध्ये वापर 'निवासी' असा लिहिलेला असतो, आणि अटभंगाचं कलमही असतं. रोजच्या रोज कुणी बघायला येत नाही. पण लीज नूतनीकरण, नामांतरण किंवा फ्री होल्डचा अर्ज गेला की स्थळपाहणी होते, आणि त्या दिवशी दारावर पाटी, बाहेर गाड्या, भिंतीला व्यावसायिक चिमणी दिसली तर नोटीस निघते. फ्री होल्ड करून घेतलं तर लीजची अट जाते, योजनेतला वापर मात्र तसाच राहतो.

निगमच्या (महापालिकेच्या) व्यापार परवान्याची चौकशी तुमच्या झोन ऑफिसात लेखी करा. अर्जात काम जसं आहे तसं लिहा: 'स्वतःच्या राहत्या घरात १२० चौ. फूट खोलीत स्वयंपाक, दारात विक्री नाही, दोन मदतनीस'. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका, पावती घ्या. मालमत्ता कराचाही विचार आत्ताच करा. मध्य प्रदेशात मालक स्वतः राहतो त्या निवासी भागाला ५० टक्के सवलत मिळते. व्यवसायाला वापरलेलं क्षेत्रफळ त्यातून वजा होतं. स्वतःहून १२० चौ. फूट वेगळं दाखवलं तर वाढ छोटी असते. न दाखवता सर्वेक्षणात सापडलं तर अख्खा तळमजला व्यावसायिक मोजला जाण्याची वेळ येते, मग भांडत बसावं लागतं.

माझं मत स्पष्ट आहे. पाटी न लावणं, दारात विक्री न करणं, मालाची गाडी दारात उभी न करणं आणि काम एका खोलीत ठेवणं, या चार गोष्टी पाळल्यात तर तुमचं काम घरकामाच्या आकाराचं राहतं आणि निगम असो की प्राधिकरण, बोलायला तुमच्या हातात काही असतं. काउंटर उघडायचं मनात असेल तर त्याच घरात अडकू नका, व्यावसायिक गाळा भाड्याने घ्या.

अन्नपूर्णा_रोड

खूप उपयोगी. दोन गोष्टी विचारते. जाऊबाईंचा फ्लॅट बहुमजली इमारतीत आहे, तिसऱ्या मजल्यावर. तिथे सोसायटीची परवानगी वेगळी लागते का? आणि गॅस व विजेचं काय? सध्या घरात पाइपचा गॅस आहे आणि एक १४.२ किलोचं सिलिंडर शिल्लक आहे.

नकाशा_आणि_खसरा

फ्लॅटला मध्य प्रदेश प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम २००० आणि त्या इमारतीचे उपविधी लागू होतात. उपविधीत बहुतेक वेळा 'फक्त निवासासाठी' असं असतं. घरमालकाचं पत्र आणि सोसायटीचं ना हरकत पत्र दोन्ही हवं, आणि भाडेकरारात 'घरगुती प्रमाणात खाद्यपदार्थ तयार करणे' हे शब्द घालून घ्या. घरमालक कबूल झाला आणि सोसायटी नाही, तर तिथे काम सुरू करू नका. तिसऱ्या मजल्यावर तळणीचा वास जिन्यात आणि लिफ्टमध्ये भरतो, तक्रार आठवड्याच्या आत येते.

एलटी_लाइन

वीज आणि गॅस माझ्याकडे.

गॅस आधी. १४.२ किलोचं घरगुती सिलिंडर व्यवसायाला वापरायला एलपीजी पुरवठा व वितरण आदेश २००० ने मनाई आहे, आणि तो आदेश जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ खालचा आहे. सिलिंडर जप्त होतं, कनेक्शन बंद होतं. व्यवसायाला १९ किलोचं सिलिंडर घ्या, स्वतःच्या नावाने, बिलासकट. पाइपचा गॅस हवा असेल तर घरगुती मीटरवर व्यावसायिक वापर करू नका, इंदूरमध्ये अवंतिका गॅसकडे व्यावसायिक कनेक्शनचा प्रकार वेगळा आहे, दरही वेगळा.

साठवण: गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे एलपीजी एकूण १०० किलोपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतो. १९ किलोची पाच म्हणजे ९५, पण घरात एवढी ठेवायचं कारण नाही. ३० डब्यांना एक चालू आणि एक भरलेलं पुरतं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर जमिनीलगत साचतो. म्हणून त्या १० बाय १२ च्या खोलीत वरची खिडकी असून भागत नाही, भिंतीत जमिनीपासून ५-६ इंचांवर जाळीचं भोक हवं, बाहेर उघडणारं. सिलिंडर नेहमी उभं, शेगडीच्या पातळीच्या खाली. सिंकच्या जाळीजवळ किंवा जमिनीतल्या गटाराच्या तोंडाजवळ नको, गॅस तिथूनच पाइपात उतरतो. नळी आयएस ९५७३ छापाची. आणि एक नक्की टाळा: घरगुती सिलिंडरला बाजारातला कमीजास्त करता येणारा हाय-प्रेशर रेग्युलेटर लावून भट्टी चालवणं. दाब वाढला की नळीची पकड सुटते, ज्योत पेटलेलीच असते.

वीज. तुमचं कनेक्शन घरगुती, म्हणजे एलव्ही-१. पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीच्या तपासणीत व्यावसायिक वापर सापडला तर वीज कायदा २००३ चं कलम १२६ लागतं. वापर कधीपासून आहे हे ठरवता आलं नाही तर तपासणीआधीचे १२ महिने धरतात आणि लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. आधी तात्पुरती आकारणी येते, त्यावर हरकत लिहून द्यायची संधी असते. अंतिम आदेशाविरुद्ध कलम १२७ चं अपील ३० दिवसांत, पण निम्मी रक्कम आधी भरावी लागते. हे सगळं टाळायचा मार्ग साधा आहे. त्या खोलीचं वायरिंग घरापासून तोडून वेगळ्या कनेक्शनचा अर्ज करा. अर्जातच विचारा की तुमच्या कामाला बिगरघरगुती एलव्ही-२ लागेल की दळण-उत्पादनासाठी एलव्ही-४. दरात फरक आहे आणि नंतर बदलून घ्यायला वेळ लागतो.

भाराचा हिशेब करूनच मागणी भरा. ओव्हन ३ किलोवॅट, मिक्सर ७५० वॅट, डीप फ्रीझर, एक्झॉस्ट, गीझर २ किलोवॅट. सकाळी ७ ते १० ही सगळी एकदम चालतात. ३ किलोवॅटच्या मंजूर भारावर हे लावलं की एमसीबी (जादा भाराला वीज तोडणारा स्विच) पडतो, मग कुणीतरी मोठा एमसीबी बसवून देतो आणि वायर तीच राहते. आग तिथून लागते. ओव्हनला स्वतंत्र ४ चौरस मिमी तांब्याची वायर, २० अँपिअर एमसीबी, पूर्ण खोलीला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच). ओल्या हाताने मिक्सर लावणाऱ्या बायकांचा जीव त्या आरसीसीबीवर आहे, तिथे पैसे वाचवू नका.

तराजू_छाप

लेबलवर कुणी बोललं नाही. ३० डब्यांचा ताजा स्वयंपाक 'प्रीपॅक' नाही, त्याला पूर्ण लेबल लागत नाही, बिलावर १४ आकडी नंबर पुरतो. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर सक्तीचा आहे. पाकीटबंद चकली ही वेगळी गोष्ट. तिला दोन नियमावल्या लागतात: एफएसएसएआयची लेबलिंग व डिस्प्ले नियमावली २०२० आणि वैधमापनशास्त्राचे पॅकेज्ड कमोडिटीज नियम २०११. पहिली अन्न बघते, दुसरी वजन आणि किंमत.

पहिली चूक मराठी माणसाची इथे होते. लेबल नुसतं मराठीत चालत नाही. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा, मराठी त्याच्या जोडीला कितीही लिहा.

२५० ग्रॅम चकलीचं उदाहरण घ्या. पदार्थाचं नाव. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने. 'खाद्यतेल' एवढं लिहून भागत नाही, शेंगदाणा तेल, सोयाबीन तेल असं तेलाचं नाव लिहावं लागतं. भाजणीत हिंग घालता ना? बाजारातलं बांधणी हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात बांधलेलं असतं. डबीवर घटक वाचा. गहू असेल तर लेबलवर 'गहू आहे' ही अॅलर्जीची सूचना द्यावीच लागते, भाजणीत गहू नसला तरी. शेंगदाणा, दूध, काजू-बदाम यांचंही तसंच. मग शाकाहारी हिरवं चिन्ह: मुख्य दर्शनी भाग १०० चौ. सेंमीपर्यंत असेल तर आतल्या वर्तुळाचा व्यास किमान ३ मिमी, १०० ते ५०० चौ. सेंमीला ४ मिमी. पुढे पोषणमूल्याचा तक्ता, निव्वळ वजन, बॅच नंबर, तयार केल्याची आणि वापराच्या अंतिम मुदतीची तारीख, पूर्ण पत्ता, एफएसएसएआय चिन्ह आणि नंबर. वैधमापनाकडून सर्व करांसह एमआरपी, प्रतिग्रॅम विक्री किंमत, ग्राहक तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. २५० ग्रॅम १५० रुपयांना देत असाल तर '०.६० रु. प्रति ग्रॅम' असं.

पाकिटं भरून विकायला सुरुवात केल्यापासून ९० दिवसांत पॅकर म्हणून नियम २७ ची नोंदणी, फी ५०० रुपये. बरेच छोटे लोक हे सोडून देतात, कारण एफएसएसएआयवाला एजंट ते सांगत नाही.

आणि तराजू. ऑनलाइन मिळणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा विक्रीसाठी चालत नाही. नापतोल (वैधमापन) विभागाचा छाप असलेला काटा घ्या, इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी होते आणि प्रमाणपत्र काट्याजवळ ठेवायचं असतं. पाकिटात वजन भरताना रिकाम्या पाकिटाचं वजन शून्य करून घ्या. चकलीसारखा माल पाकिटात घातल्यावर चुरा होतो, वजन बदलत नाही, पण हवेत ओल धरली तर वाढतं आणि मऊ पडतो, म्हणून तळल्यावर पूर्ण गार होऊ द्या आणि लगेच सील करा.

'होममेड', 'पारंपरिक', 'शुद्ध' असे शब्द दिसतील तिथे छापू नका. जाहिराती आणि दाव्यांच्या २०१८ च्या नियमावलीत अशा शब्दांवर बंधनं आहेत. ज्यातून चुकीचा समज होईल असा 'होममेड' तर चालतच नाही. बाहेरून घाऊक आणलेला चिवडा तुमच्या पाकिटात भरून त्यावर 'होममेड' लिहिलं की ते मिसब्रँडिंग (फसवं लेबल), २००६ च्या कायद्याचं कलम ५२, दंड ३ लाखांपर्यंत.

फॉर्म_ए

तराजूवाल्यांचं मुदतीच्या तारखेबद्दल थोडं पुढे नेतो. तारीख कुणी देत नाही, ती तुम्ही ठरवता आणि जबाबदारीही तुमची. प्रत्येक बॅचची दोन पाकिटं बाजूला ठेवा, एक सावलीत, एक एप्रिल-मेच्या इंदूरच्या उन्हाळी खोलीत. पंधरा दिवसांनी एकेक उघडून वास आणि चव लिहून ठेवा. चिवडा तेलाच्या वासावरून आधी जातो, चकली मऊपणावरून. पुरणपोळीत ओलावा जास्त, तिला पाकिटाची लांब तारीख देऊच नका, त्याच दिवसाची विक्री ठेवा. श्रीखंड ५ अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. पोहोचवणाऱ्याकडे बर्फाची पेटी नसेल तर मे महिन्यात श्रीखंड विकू नका.

डब्यांसाठी २०११ च्या नियमावलीतल्या शेड्यूल ४ चं (स्वच्छतेच्या अटींचं) सूत्र लक्षात ठेवा: गरम शाकाहारी पदार्थ ६० अंशांच्या वर. ११ वाजता भरलेला डबा १ वाजता खाल्ला जातो. सकाळी ८ ला केलेली आमटी ११ पर्यंत ओट्यावर कोमट राहिली तर जंतू वाढायला तेवढा वेळ भरपूर आहे. आमटी शेवटी करा, भात त्याहून उशिरा. मदतीच्या दोघींची दरवर्षी वैद्यकीय तपासणी, टायफॉइडची लस, आणि त्याची फाइल घरात.

नकाशा_आणि_खसरा

सांडपाण्याचं मी लिहितो, कारण शेजाऱ्याची तक्रार बहुतेक तिथून सुरू होते. घराची ४ इंची लाइन घरच्या स्वयंपाकाला केलेली असते. ३० डब्यांची कढई, पुरणाचं भांडं, बेसनाचं पाणी रोज त्यातून गेलं की तेल थंड होऊन पाइपच्या आतून थर धरतं आणि बेसन त्याला चिकटतं. चोकअप तुमच्या घरात होत नाही, पुढच्या चेंबरला होतो, म्हणजे रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या दारात. उपाय तीन टप्प्यांचा. भांडं धुण्याआधी कागदाने किंवा रबरी पट्टीने पुसून काढा. सिंकच्या तोंडाला बारीक जाळी. सिंकखाली ४०-५० लिटरचा ग्रीस ट्रॅप, आत आडवे दोन पडदे, आठवड्यातून एकदा वरचा थर काढायचा. ट्रॅपमध्ये गरम पाणी ओतून 'साफ' करू नका, तेल वितळून पुढे जातं आणि पुढे जाऊन गोठतं.

वापरलेलं तळणीचं तेल सिंकमध्ये तर नाहीच. १ जुलै २०१८ पासून तेलातली एकूण ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यास चालत नाही. घरी मोजणं कठीण, पण तेल काळसर झालं, फेस राहायला लागला, धूर लवकर यायला लागला की बदला. ते वेगळ्या डब्यात साठवून बायोडिझेलसाठी तेल गोळा करणाऱ्याला पावती घेऊन द्या.

कचरा निगमच्या गाडीला सहा प्रकारांत वेगळा करून द्यायचा हे इंदूरकरांना सांगायला नको. ट्रॅपमधला थर आणि कागदाने पुसलेलं तेलकट मात्र बायका सवयीने सुक्यात टाकतात. डब्यांवर चिठ्ठ्या लावा.

आणि पाणी. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून तुम्ही टाकीवरच काम करणार. टाकीचं झाकण घट्ट, गाळ काढल्याची तारीख लिहिलेली, आणि पाण्याची आयएस १०५०० प्रमाणे तपासणी. नोंदणीला अहवाल सहसा मागत नाहीत, परवान्याला मागतात. तरी करून घ्या, कारण १०० मिली नमुन्यात ई. कोलाय मुळीच असता कामा नये, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. नमुना टाकीतून नको, स्वयंपाकाच्या नळाचा द्या.

राजवाडा_चौक

मान्य. तेलाचं आणि विजेचं मला माहीत नव्हतं. जीएसटी लागेल का यांना?

फॉर्म_ए

५-६ लाखांवर नाही. डब्यांची सेवा २० लाखांपर्यंत, नुसता माल विकला तर मध्य प्रदेशात ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. डबे झोमॅटो-स्विगीवरून दिले तर १ जानेवारी २०२२ पासून तो कर प्लॅटफॉर्मच भरतो. तिथे एफएसएसएआयचा नंबर मात्र पहिल्याच पानावर मागतात. फराळाची पाकिटं ऑनलाइन बाजारातून विकायची असतील तर नियम वेगळे, राज्याबाहेर पाठवायचं तर सरळ जीएसटी नोंदणी घ्या.

अन्नपूर्णा_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. आता क्रम असा लावते: आधी लीज डीड आणि मंजूर नकाशा काढून खोली त्यात आहे का बघायचं, मग झोन ऑफिसला लेखी चौकशी, त्याच सुमारास वेगळ्या वीज कनेक्शनचा आणि १९ किलोच्या सिलिंडरचा अर्ज. हे ठरल्यावरच ओटा, आरसीसीबी, ग्रीस ट्रॅप. नोंदणी डबे आणि उत्पादन दोन्ही निवडून, श्रीखंड यावर्षी वगळून. फ्लॅटचं काम सोसायटीचं पत्र आल्याशिवाय नाही. काही राहिलं का?

एलटी_लाइन

क्रम बरोबर आहे. वीज कनेक्शनच्या अर्जातही सासऱ्यांचं संमतिपत्र लागेल, दोन प्रती एकदमच करून घ्या. आणि अग्निशामक: एबीसी पावडरचं ४ किंवा ६ किलोचं उपकरण दाराजवळ, गॅसच्या बाजूला नाही. पेटलेल्या तेलावर मात्र पावडर जोरात मारू नका, तेल उडतं. आधी गॅस बंद, कढईवर घट्ट झाकण. कढईच्या मापाचं झाकण हाताशी लटकवून ठेवा.

तराजू_छाप

लेबल छापायला एकदम हजारांची ऑर्डर देऊ नका. नोंदणीचा नंबर हातात आल्यावर ५० चा नमुना काढा, वर लिहिलेल्या एकेका मुद्द्यावर पेन्सिलने टिक करा, मग छापा. बॅच आणि तारखेची जागा कोरी सोडा आणि शिक्का न पुसणाऱ्या शाईचा घ्या, तेलकट हात लागला की साधी शाई जाते आणि तारीख नसलेलं पाकीट विकायच्या लायकीचं राहत नाही.